धुण्याच्या दगडावरची अक्षरं

अलिबागजवळच्या रेवदंड्यात कोटाच्या आत, समुद्राच्या अंगाला असलेल्या एका वाडीत विहिरीशेजारी एक काळा दगड आहे. लांबी दीड हात, रुंदी हातभर. दोन धोंड्यांवर किंचित तिरका टेकवलेला. वाडीच्या मालकीणबाईंना मी काकी म्हणते. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासूबाई याच दगडावर कपडे धूत असत, आणि पुढची चाळीसेक वर्षं त्या स्वतः धूत आल्या. वरची बाजू हाताला काचेसारखी लागते.

गेल्या डिसेंबरात नववीची अकरा मुलं घेऊन मी गाव चालायला निघाले होते. शनिवारची सकाळ होती. कोणाच्या तरी खिशातला चेंडू घरंगळत त्या दगडाखाली गेला. एका मुलाने पालथं पडून हात आत घातला आणि चेंडू काढायच्या ऐवजी तसाच थांबला. म्हणाला, "बाई, वरनं नाय, खालनं कायतरी कोरलंय."

पुढच्या तीन आठवड्यांत त्या दगडाचं आणि आमचं काय झालं, ते इथे लिहिते आहे. त्यातली एक चूक माझी आहे, तीही लिहिते.

त्या सकाळी आम्ही काय बघत होतो

चालताना मुलांना मी एकच प्रश्न दिला होता: "तुला कसं कळलं?" कोणीही काहीही सांगितलं की बाकीच्यांनी हा प्रश्न विचारायचा. "हे पोर्तुगीजांचं आहे." तुला कसं कळलं? "आजोबा सांगतात." मग वहीत "आजोबा सांगतात" असं लिहायचं, "पोर्तुगीजांचं आहे" असं नाही.

सुरुवात उत्तरेकडून केली. अलिबागहून येणारा गाडीरस्ता तट फोडूनच गावात शिरतो. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांनी ते खिंडार कधी पाहिलेलंच नव्हतं, कारण बसमधून जाताना ते क्षणात मागे पडतं. पायी गेलं की भिंतीचं पोट उघडं दिसतं. बाहेरून घडीव दगड, आत चुन्यात बसवलेला ओबडधोबड भराव. चुन्यात पांढरे ठिपके दिसले. जवळून पाहिलं तर ते शिंपल्यांचे तुकडे निघाले. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, हे एका कोळ्याच्या मुलीला घरूनच ठाऊक होतं. तिथे आजोबांची गरज लागली नाही, पुरावा भिंतीतच होता.

तारखा मी मुलांना चालता चालता सांगितल्या. १५०८ साली या खाडीच्या तोंडाशी इजिप्तचं आणि गुजरातचं आरमार मिळून पोर्तुगीजांशी लढलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. १५१६ साली वखार आली, १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचं काम सुरू झालं. १५७० च्या अखेरीस त्याच निजामशाहीने वेढा घातला, तो १५७१ मध्ये तहाने उठला. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर १५९४ साली पोर्तुगीजांनी घेतला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्यानंतर, १७४० साली, हा कोटही मराठ्यांकडे आला. म्हणजे सव्वादोनशे वर्षं इथे चर्चं, मठ, व्यापाऱ्यांची घरं असलेलं एक शहर होतं. आज त्याच कोटात नारळी-पोफळी आहेत. या कोटाला आगरकोट असंही म्हणतात. आगर म्हणजे बागायत. शहर सरून बागायत झाली तेव्हा नाव रूढ झालं असेल, हा माझा तर्क. मुलांनी ताबडतोब विचारलं, "बाई, तुम्हाला कसं कळलं?" आणि वहीत "बाईंचा तर्क" अशी नोंद पडली. मला त्याचा फार आनंद झाला.

बाजारातून जाताना आम्ही दगड सोडून शब्द वेचले. कुलपाची चावी, दाराची बिजागरी, पाण्याची बादली, गवंड्याचं घमेलं, महिन्याचा पगार, बेकरीतला पाव. हे सगळे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. खाडीवर मासळीचा लिलाव चालू होता. लिलाव हा शब्दही तिकडचाच, मूळ "लेइलांव". ज्या खाडीच्या काठी तो शब्द उतरला, तिथेच तो रोज पहाटे मोठ्याने ओरडला जातो. भिंत पडायला दीड-दोनशे वर्षं पुरतात. शब्दाला तेवढ्याने काही होत नाही.

मध्ये बेने इस्राएल समाजाचं बेथ एल हे प्रार्थनामंदिर लागलं, १८४२ सालचं. त्या समाजाची आडनावं मुलांना फार आवडली. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आले, ही त्यांची परंपरागत आठवण. बरीच कुटुंबं इस्राएलला गेली, तरी आडनावात रायगडची गावं टिकून आहेत. आडनाव म्हणजे माणसाने सोबत नेलेली गल्लीच म्हणायची.

तिथून आम्ही वाडीत गेलो, आणि चेंडू दगडाखाली गेला.

हेर आणि भुयार

दगड हलवायचा नाही, हे मी आधी बजावलं. खडूने घासायचा नाही, काथ्याने खरवडायचा नाही. एका मुलीने मोबाइल जमिनीला टेकवून फोटो काढले. समोरून उजेड पाडला की काहीच दिसेना. दुसऱ्या मोबाइलचा उजेड दगडाच्या पातळीत, अगदी आडवा धरला, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरली आणि अक्षरं उठून आली. झिजलेला लेख वाचायची ही साधी युक्ती आहे. उजेड जितका तिरका, तितकं अक्षर ठळक.

दोन ओळी होत्या, दोन्ही डावीकडे तुटलेल्या. रोमन अक्षरं. वर एल, टी, व्ही, आर, ए. खाली ई, व्ही, एस, मग थोडी जागा, आणि एच, ई, आर. तिथे उजवीकडची कडही फुटलेली.

मुलांनी शेवटची तीन अक्षरं जोडून वाचली: "हेर!"

आणि मग कोणी ऐकेना. कोटात हेर होते. हेर म्हणजे गुप्तहेर, आणि गुप्तहेर म्हटलं की भुयार. रेवदंड्यात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं असतं की कोटातल्या सातखणी मनोऱ्यापासून खाडीखालून कोर्लईपर्यंत भुयार आहे. मुलांनी त्याच दिवशी सगळा नकाशा रचला. हेर भुयारातून येत, या विहिरीत बाहेर पडत, दगड ही खूण.

मी हसण्यावारी नेलं नाही. प्रश्न तोच ठेवला. भुयार आहे हे कसं कळलं? तर तटाच्या पोटात वाकून जाता येतील असे मार्ग खरोखरच आहेत, कित्येक मुलं त्यांत शिरलेली आहेत. ते मार्ग तटाच्या आतून तटाबरोबर जातात, खाडीकडे उतरत नाहीत. मग पुढच्या शनिवारी आम्ही धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. कुंडलिकेचं पाणी ओहोटीला वेगाने बाहेर पडत होतं. तळाला गाळ आणि वाळू. मासेमारी करणाऱ्या एका काकांना मुलांनीच खोली विचारली. त्यांनी होडी कुठून न्यावी लागते आणि गाळ दर पावसाळ्यात कसा सरकतो ते हाताने दाखवलं. त्या गाळाखालून, त्या काळच्या साधनांनी, कोरडं राहणारं भुयार? मुलांनी आपसात बोलून वहीत लिहिलं: "तटातले मार्ग पाहिले. खाडीखालचं भुयार ऐकलं, पाहिलं नाही, शक्य वाटत नाही." दंतकथा कशातून उगवली आणि कुठे खऱ्यापासून सुटली, हे दोन्ही त्या ओळींत आलं आहे.

अक्षरांचं कोडं मला एका रात्री सुटलं. जुन्या रोमन कोरीव लेखांत "यू"च्या जागी "व्ही" कोरायची रीत होती. मग वरचं "लटव्हरा" हे "...ल्तुरा" होतं. वसईच्या किल्ल्यात चर्चांच्या फरशीत पोर्तुगीज थडग्यांचे दगड आहेत, त्यांचे मी पूर्वी काढलेले फोटो चाळले. त्यांवर "सेपुल्तुरा" हा शब्द येतो, म्हणजे कबर. खालची ओळ "सेउश एर्देइरुश" अशी पुरी होत असणार. पोर्तुगीजमध्ये "ह" लिहितात, उच्चारत नाहीत. अर्थ "त्याचे वारस". थडग्यांवरचा हा ठरलेला मायना आहे: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. चर्चच्या फरशीखाली कुटुंबाची एक जागा घेऊन ठेवत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पुरत.

म्हणजे आमचा हेर हा वारस निघाला.

हा दगड चर्चमधून विहिरीवर कसा आला, तेही मुलांनीच शोधलं. कोटाच्या त्या भागाचा हाताने नकाशा काढून, ज्या ज्या गडग्यात, पायरीत, विहिरीच्या काठात घडीव दगड दिसेल तिथे ठिपका द्यायचा, एवढंच काम दिलं होतं. दोन रविवार गेले. जवळच्या पडक्या चर्चच्या भोवती ठिपके दाट निघाले आणि लांब जावं तसे विरळ होत गेले. १७४० नंतर चर्चं ओस पडली, छपरं कोसळली, फरशी उघडी पडली. इथे वाडी करणाऱ्याला कुंपणाला, विहिरीला, रहाटाच्या ओट्याला दगड हवाच होता, आणि तो तासलेला, हाताशी होता. लोकांनी चर्च फोडलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पडलेलं उचललं आणि जगायला वापरलं. शिवाय हा दगड पालथा घातला गेला म्हणूनच अक्षरं राहिली. सुलटा ठेवला असता तर दोन पिढ्यांच्या धुण्याने ती केव्हाच पुसून गेली असती.

माझी चूक

अक्षरांचं कोडं सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधी काकींकडे धावत गेले. त्या धूतच होत्या. मी विहिरीपासूनच म्हणाले, "काकी, तुमचा दगड म्हणजे कबरीचा दगड आहे!"

त्यांच्या हातातली साडी तशीच राहिली. "कोणाच्या?"

"ते कळत नाही. कुठल्या तरी पोर्तुगीज कुटुंबाच्या."

"म्हणजे मी चाळीस वर्षं मेलेल्या माणसावर कपडे आपटतेय?"

मी काहीबाही समजावलं, शाळेची वेळ झाली होती, निघून गेले. तीन दिवसांनी त्यांच्या शेजारच्या घरातला विद्यार्थी मधल्या सुट्टीत आला. काकी धुणं घेऊन दुसऱ्यांच्या विहिरीवर जातायत आणि मुलाला म्हणतायत की तो दगड खाडीत टाकून ये.

गावाचा इतिहास शोधताना ज्या घरात तो सापडतो त्या घराचं काय होईल, हा विचार मी केलाच नव्हता. मुलांना "तुला कसं कळलं" विचारायला शिकवलं, आणि कळल्यावर ते कोणाला कसं सांगायचं, हे मलाच उमगलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी एकटीच गेले, मुलांना नेलं नाही. आधी माफी मागितली.

काकींच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, पाप लागेल का. दुसरी त्यांनी हळू आवाजात सांगितली: सरकारला कळलं तर वाडी जाईल का. ही भीती आपल्याकडे फार खोल आहे, आणि तिच्यामुळे किती कोरीव दगड रातोरात फुटले किंवा पुरले गेले असतील, कोण जाणे. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी नीट सांगितलं. १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे, तो जमिनीत दडलेल्या मौल्यवान ठेव्याबद्दल, मोहरा-दागिने-नाणी यांबद्दल. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू पुरावस्तू ठरते. ती विकायची, बाहेर पाठवायची तर बंधनं आहेत. पण विहिरीवर एक तुटका दगड सापडला म्हणून कोणी सातबारा बदलत नाही. खाडीत टाकला तर मात्र कायमचा गेला. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाल्या नाहीत.

अक्षीचं उदाहरणही दिलं. अलिबागच्या वाटेवर अक्षीला गधेगाळ आहे, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड, शिलाहारांच्या काळातली, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ ची असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. कित्येक वर्षं ती रस्त्याच्या कडेला पडून होती. लोक बाजूने गेले, पण कोणी उचलून फेकली नाही, म्हणून आज वाचता येते. काकी म्हणाल्या, "ती देवाब्राह्मणाच्या दानाची. ही मेलेल्याची."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दोन दिवसांनी पाटी घेऊन दारात आलं. काकींना वर्षानुवर्षं मासळी देणारी एक मावशी कोर्लईहून येते. कोर्लई हे खाडीपलीकडचं गाव. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा इथले गरीब ख्रिस्ती कष्टकरी तिकडे डोंगराच्या पायथ्याशी राहिले. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली, जिला ते "नौ लिंग", म्हणजे आमची भाषा म्हणतात, अजून साधारण हजारभर माणसं घरात बोलतात. मावशीही तीच बोलते, आपल्याशी मराठी. काकींनी तिला सगळं सांगितलं. मी तिथेच होते.

मावशीने पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दगडाखाली हात घालून अक्षरांवरून बोटं फिरवली. वाचता येत नाहीत म्हणाली. मग छातीवर क्रूस केला आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली. काकींनी विचारलं, "नाव नाही गं त्याच्यावर. कोणासाठी म्हटलंस?"

"नाव नसलं तरी चालतं. आमच्यात नोव्हेंबरच्या दोन तारखेला सगळ्या मेलेल्यांसाठी म्हणतात. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठीपण."

काकी थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आमची सर्वपित्री."

"तसंच."

दगड खाडीत टाकायचं त्यानंतर निघालं नाही. काकींनी विहिरीच्या दुसऱ्या अंगाला सिमेंटचा धुण्याचा ओटा बांधून घेतला. दगड होता तिथेच, होता तसाच पालथा आहे. उलटा करून दिसायला ठेवूया असं काही मुलांना वाटत होतं. काकींनी नाही म्हटलं आणि मलाही ते बरोबर वाटलं. पालथा आहे म्हणून ऊन-पावसापासून अक्षरं वाचतात, हे एक. आणि दगड त्यांच्या अंगणात आहे, त्याचा शब्द त्यांचा.

वहीतली नोंद

शेवटी मुलांनी एक पानभर नोंद केली. दगडाचं माप, कुठल्या दिशेला कसा टेकलेला, तिरक्या उजेडातले फोटो, ठिपक्यांचा नकाशा. वाचनात जी अक्षरं दगडावर आहेत ती एका शाईत आणि जी आम्ही अंदाजाने भरली ती दुसऱ्या शाईत. "सेपुल्तुरा" आणि "वारस" यांबद्दल खात्री आहे असं लिहिलं. कोणाची कबर, कुठलं साल, हे रकाने कोरे ठेवले. एकाला तिथे १५७१ घालायचं होतं, वेढ्यात मेलेला सरदार असेल म्हणून. बाकी दहा जणांनी एका सुरात "तुला कसं कळलं?" विचारल्यावर त्याने खोडरबर घेतला. नोंदीची एक प्रत काकींकडे आहे, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम लिहायला लावली: हा दगड म्हणजे गावाचा एक थर. चौल-रेवदंड्याच्या याच बंदराचं नाव "चेमूल" म्हणून कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेलं आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, तेव्हा बसरा-बगदादकडचे व्यापारी इथे घर करून राहत होते. १४६९ च्या सुमारास त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन घोडा घेऊन चौलला उतरला, पोर्तुगीज यायच्या आधी. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे, मुलांनी ते पाहिलेलं होतं, तो कधी आला हे मात्र विचारलं नव्हतं. एक दगड वाचता आला की सगळं गाव त्याच काळाचं वाटू लागतं. त्यापासून मुलांना वाचवायचं होतं, आणि स्वतःलाही.

दगड दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. याचा अर्थ उरलेले तुकडे कुठेतरी असणार, आणि एका तुकड्यावर नाव असणार. हे काकींच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा त्यांनी प्रत्येकीला सांगितलं, घरी गेल्यावर धुण्याच्या दगडाखाली हात घालून बघा, आणि काही लागलं तर हलवू नका, बाईंना बोलवा. आतापर्यंत चार घरांतून बोलावणं आलं. चारही दगड मुलांनी पालथं पडून चाचपले, तिरका उजेड पाडून पाहिले. चारही कोरे निघाले. वहीत चारही नोंदले आहेत.